सोडवाले कोनी आलं नाई

…नाई, तुमीच सांगा, बाईनं असं मागतलं तरी काय होतं? सोनं मागतलं? विमानात बसवा म्हणलं? रिसोडच्या त्या गल्लीतली गोजराबाई, साधी बाई, तिचं मागनं एवढंच, दुपारचा एक चहा, शांततेत, घरच्या लोन्याचे बिस्कुट बुडवून, रुखमाबाईसंग बसून. आता तुमी म्हणसान, हे का अवघड काम हाय? तुमाले सांगतो, अवघड हाय, कारन गोजराबाईचा नवरा बबनराव आन् रुखमाबाईचा नवरा लालसिंग, दोघायच्या घराची भित एकच, आन् दोघायची डोस्की अशी, की एकाच्या घरी आगपेटी, दुसऱ्याच्या घरी घासलेट.

झालं काय, बबनरावानं घरावर नवे टिन टाकले आन् टिनाचं पानी सोडलं लालसिंगच्या आंगनात, तिथं लालसिंगचे सोयाबीनचे कट्टे रचलेले, त्यात अवकाळी आला, कट्टे भिजले. आता मानूस काय करते? इचारते, बा असं काहून केलं. लालसिंगनं इचारलं नाई, त्यानं लोखंडी सब्बल घेतली आन् टिनाले अशी हानली की टिन कागदावानी फाटला. बबनराव तरी बोलला काय? तो वरवंटा घेऊन निंघाला आन् लालसिंगची जीप, जिच्यात तो वाशिमच्या सवाऱ्या बसवते, तिचा समोरचा काच असा फोडला की चुरा चार घरापर्यंत उडाला. मंग भर रस्त्यात धरापकड, लालसिंगनं बबनरावाचा कान चावला, बबनरावानं लालसिंगचं मनगट पिरगाळलं, प्लास्टर लागलं.

आन् एक सांगतो, या मारामारीचा एक कायदा होता. दोघं भिडले की इकडून गोजराबाई पये, बबनरावाले मागून कव घालून धरे, तिकडून रुखमाबाई पये, लालसिंगचं शर्ट धरे, आन् बायकोनं पक्कं धरलं अशी खात्री झाली की मंग दोघायले जोर चढे. "सोड मले, आज याचा मुडदाच पाडतो." "तू सोड मले, मी याले जित्ताच पुरतो." सोडलं असतं त काय केलं असतं, ते त्याइलेही मालूम नव्हतं.

पन प्लास्टर लागलं त्या दिवशी दोघायनंही आपापल्या घरी हुकूम सोडला, त्या घरच्या बाईसंग बोलली त तंगडं तोडून हातात देईन. घ्या. भांडन टिनाचं, काचाचं, मनगटाचं, आन् बंद काय झालं? दोघी बायायचा चहा. या दोघी सून म्हणून या गल्लीत आल्या तवापासून दुपारचा चहा संग पेत, बिस्कुट रुखमाबाई करे, गोजराबाई फक्त लोनी पुरवे, कारन म्हैस गोजराबाईची. आता इकडे लोनी साचून राह्यलं आन् तिकडे रुखमाबाई चहासंग मुरमुरे चावून राह्यली.

लालसिंगचं प्लास्टर निंघालं, हुकूम काई निंघाला नाई. मंग एका दुपारी गोजराबाईचं टकुरं फिरलं. बबनराव बाजार समितीत गेलता. तिनं लोन्याचा गोया कोपरात, म्हणजे पसरट परातीत टाकला, पिठीसाखर टाकली आन् हातानं फेटाले लागली, आन् कशी फेटे म्हणता, जसं काई ते लोनी नाई, नवऱ्याचं थोबाड हाय. हे टिनासाठी, हे काचासाठी, हे माह्या तंगड्यासाठी. लोनी पांढरंफेक झालं, हलकं झालं, तरी बाई थांबे ना. मंग मैदा चायला, मिठाची चिमूट, इलायची, गोया मळला, एकेक तुकडा हातावर दाबला, वर काट्यानं टोचलं, टोचलं म्हणजे भोसकलंच. जाड बुडाच्या गंजात रेती तापवली, वर जाळी, जाळीवर तूप लावलेलं ताट, वरून झाकन, झाकनावर पाटा. आन् बसली.

थोड्या वेळानं वास सुटला. तुमी कधी घेतला काय तो वास? लोनी, इलायची, वरून साखर जराशी लाल होऊन राह्यली… तो वास भित मानते काय, हुकूम मानते काय? तो गेला सिधा रुखमाबाईच्या घरात. रुखमाबाईनं एकदा नाक दाबलं, दोनदा दाबलं, मंग मागच्या दारानं उठली, परसातून आली, आन् इतक्या दिवसानं पह्यला शब्द काय बोलली?

"जाळ कमी कर वं. बुडाले लागून राह्यले."

गोजराबाईनं जाळ कमी केला. तिच्या डोयातून टपाटपा पानी, पन बोलली एवढंच, "बस, चहा टाकते."

बिस्कुटं निंघाले, कडा लालसर, मधात पांढरे, बोटात धरले त भुरभुर. चहा उकये. दोघी चुलीजोळ पाटावर बसल्या आन् पह्यलं बिस्कुट कपात बुडालं न बुडालं, तोच आंगनात लालसिंग.

"रुखमे, निंघ बाहेर. तुले सांगतलं होतं ना?"

तुमाले सांगतो, बायायचं नशीबच तसं, त्याच टायमाले फाटकातून बबनराव आला. आपल्या आंगनात लालसिंग पाह्यला आन् हातातली थैली फेकून त्यानं सिधी मुसंडी मारली. लालसिंग तुयशीच्या वट्ट्यावर आदळला, उठला, बबनरावाच्या पोटात बुक्की घातली. बबनरावानं त्याच्या नाकावर कपाय आपटलं, रगताची चिरकांडी उडाली. भांडे घासाची घंगाळी उलटली, राख डोयात, म्हैस दावं तोडाले पाहे.

गोजराबाई सवयीनं उठली. पदर खोचला. तेवढ्यात रुखमाबाईनं तिचं मनगट धरलं.

"बस," ती म्हणे. "चहा निवते."

"अवो, मारतीन एकमेकाले."

"आपन धरतो म्हणून त मारतात. बस."

आन् रुखमाबाईनं दाराची कडी लावली.

बाहेर ढिशुम, धाड, आईबहिनीचा उद्धार, आन् अंदर दोघी बिस्कुट बुडवून राह्यल्या. रुखमाबाई सांगे, पोरीचं बायतपन झालं, नात झाली. गोजराबाई सांगे, गुडघा लय दुखते. हसल्याही दोघी. दुपारचा चहा, शांततेत. बाहेर बबनराव वरडे, "सोड मले, आज याचा मुडदा…" आन् मधातच थांबे, कारन धरलं कोनीच नव्हतं. पाहा तुमी, धरनारं नसलं की मानसाले खरंच मारावं लागते. त्याइनं मारलं. लाजेकाजेनं मारलं. लालसिंगनं लाकडाची ढलपी उचलली आन् बबनरावाच्या खांद्यावर हानली, हाड वाजलं. बबनरावानं त्याले दोन्ही हातानं ढकललं आन् लालसिंगचं डोकं दगडी पायरीच्या कोरीवर बसलं. खट.

आन् मंग आवाजच नाई.

गोजराबाईच्या हातातला कप तसाच राह्यला. रुखमाबाईचं तोंड पांढरं पडलं. मगाची ती हसनारी बाई, तिले कडी उघडता येईना. गोजराबाईनं कडी काढली.

आंगनात लालसिंग पडला होता, अर्धं तोंड लाल. आन् बबनराव त्याच्याजोळ बसून एका हातानं आपला दुपट्टा त्याच्या डोक्यावर दाबून धरून होता, दुसरा हात खांद्यातून लोंबकयत होता, आन् लेकरावानी रडून राह्यला होता. "लाल्या, डोये उघड. ये लाल्या. टिन काढून टाकतो मी, उघड ना बे."

रुखमाबाई नवऱ्याच्या छातीवर पडली. लालसिंगनं एक डोया उघडला. बायकोकडे नाई, बबनरावाकडे पाह्यलं.

"सोडवाले काहून नाई आल्या ह्या?" तो म्हणे.

"तेच त मी म्हणून राह्यलो," बबनराव म्हणे.

दोघी बायायनं दोघायले तसेच जीपीत घातले. जीप चालवाले येनारा एकटा लालसिंग, त्याले एका डोयानं दिसे, दुसऱ्यावर रगत. तो स्टेअरिंग धरे आन् गेर बबनराव टाके, चांगल्या हातानं. दवाखान्यात डाक्टरनं इचारलं, काय झालं? दोघं संगच बोलले, "पडलो." एकाच्या डोक्याले टाके, दुसऱ्याचं खांद्याचं हाड मोडलेलं, आन् खाटा लागून लागून.

तिथंच घात झाला. खाटेवर पडल्या पडल्या दोघायले समजलं, की आपला दुश्मन एकच हाय. "तुह्या बायकोनंच कडी लावली." "पन चहा कोनाचा होता?" असं करता करता याइची अशी दोस्ती झाली, की आता रोज दुपारी दोघं गोजराबाईच्या घरात हजर. लालसिंग म्हणते, वहिनी, साखर कमी पडली. बबनराव म्हणते, कालचे बरे होते. मंग निवडनूक, भाव, पाऊस, सारं बोंबलून बोंबलून, आन् बिस्कुटाचं ताट बाहेरच्या बाहेर रिकामं. दोघी बाया चुलीपाशी, दुप्पट लोनी फेटत. एक शब्द बोलाले टाइम नाई.

परवा गोजराबाईनं हयूच इचारलं, "रुखमाबाई, याइले पुन्हा भांडाले लावता येईन काय?"

"नको वं," रुखमाबाई म्हणे. "ते रगत अजून डोयापुढून जात नाई."

गोजराबाईनं नवा गोया मळाले घेतला.

"रगत नाई म्हणत मी," ती म्हणे. "थोडंसंच. एक कप होईस्तोर."