धनलक्ष्मीची वाटी

कुंभकोणम्‌च्या बसस्टँडवर तिरुवलंचुळीच्या बसची वाट पाहत होतो. मागच्या बाकावरून जुन्या वळणाचं मराठी कानावर आलं. मद्रासच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आलेली भाची आणि तिची धनलक्ष्मी आत्या बोलत होत्या.

“दिवसभर करतेस तरी काय तिथे, विशालाक्षी?”

“सशांच्या रक्तात अँटिबॉडी तयार व्हाव्यात म्हणून त्यांना टोचायचं मिश्रण घोटते, अत्ते. अँटिजेनचं पाणी आणि त्याचा जोर वाढवणारं अ‍ॅडज्युवंटचं तेल. काचेच्या दोन सिरिंज तोंडाला तोंड जोडायच्या आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत राहायचं, लोण्यासारखं घट्ट होईतो.”

“झालं ते कसं कळतं?”

“वाटीभर गार पाण्यात थेंब सोडायचा. पसरला तर कच्चं, मण्यासारखा राहिला तर झालं. गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, पांढरं दिसतंय, टोच आता. माझा थेंब तर पसरला होता.”

“मग?”

“नाही टोचलं. कच्चं टोचलं तर सशाला नुसतं दुखणं, आणि अँटिबॉडीची वाट बघण्यात आमचे तीन महिने फुकट.”

“साहेबांना तोंडावर सांगितलंस?”

“सांगितलं. म्हटलं, वड्याचं पीठ पाण्यात तरंगल्याशिवाय आमची धनलक्ष्मी अत्ते कढई चुलीवर ठेवत नाही. ते हसले आणि स्वतःच सिरिंज धरून बसले. वीस मिनिटांनी थेंब मण्यासारखा राहिला.”

“शहाणा माणूस दिसतो.”

“आता ती पाण्याची वाटी हवी असली की सगळे म्हणतात, धनलक्ष्मीची वाटी आण.”

बस आली. पायरीवर पाय ठेवून आत्या मागे वळली.

“रोज घासून ठेवतात ना गं ती?”