दिवा बघा, हलतोय का?

...आणि वर म्हणता, 'इंजिन जरा बंद करा, बोलणं ऐकू येत नाही'! अहो, छत्तीस वर्षं बातमीदारी केली मी, बंद पडलेल्या कर्ण्यांच्या सभा शेवटच्या रांगेतून उभ्याने ऐकून छापल्या, आणि तुम्हाला चार हातांवरून मी ऐकू येत नाही? सरका पुढे. इंजिन बंद केलं तर दाखवू काय तुम्हाला, अंधार? वर बघा. तो दिवा बघा. हलतोय का? नीट बघा, घाई नाही... नाही ना? हां!

तुम्हाला सांगतो, दोन महिन्यांपूर्वी हाच दिवा सेकंदाला पाच-पाच वेळा फडफडायचा. फडफड, फडफड, फडफड! भिंतीवर आमच्या सावल्या थंडी वाजल्यासारख्या थरथरायच्या. ताटातलं उचलायला हात घातला तर घास दोन ठिकाणी दिसायचा. आता तुम्ही विचारणार, रस्त्यावर विजेचे खांब आहेत की, मग घरात डिझेल इंजिन कशाला? बरोबर प्रश्न आहे. वीज मी तोडली. त्यांनी नाही, मी!

झालं काय, की याच घरातून निघणाऱ्या माझ्या साप्ताहिकात मी वीज कार्यालयाच्या कारभारावर अकरा लेख छापले. अकरा! आणि त्या कार्यालयाचा अधिकारी, भर सभेत, चार माणसांसमोर हसत हसत मला म्हणतो कसा, "साहेब, आमच्यावर टीका लिहिता ती आमच्याच दिव्याखाली ना? मग तेवढी वीज तरी बरी असेल आमची!" सगळे हसले हो! त्याच आठवड्यात जोडणी परत केली आणि पहिल्या पानावर चौकटीत छापलं, 'यापुढे वीज कार्यालयाची एकही वस्तू या साप्ताहिकाच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.' वीज म्हणालो नाही मी, वस्तू म्हणालो. लिहिण्याच्या भरात शब्द जरा... मोठा पडला.

मग विहिरीवरचं एक जुनं इंजिन आणलं, पट्ट्याने जनरेटर जोडला, आणि उजेड झाला. फडफडता. पण माझा!

आता आमच्या हिचं ऐका. साप्ताहिकाची आठही पानं छपाईला जाण्याआधी ही तपासते. पंचवीस वर्षं तपासतेय. त्या उजेडात तिसऱ्या आठवड्यात हिचं डोकं उठलं. कपाळाला फडकं बांधून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, तुमची तत्त्वं असू देत जागेवर, पण अक्षरंही जागेवर राहू देत की! आठ दिवस देते. दिवा स्थिर झाला नाही, तर मी जाऊन जोडणीचा अर्ज भरते. आणि अर्जदार म्हणून तुमचं नाव घालते."

माझं नाव! त्याच्या टेबलावर! तुम्ही झोपला असता त्या दिवशी?

मिस्त्रीला बोलावलं. त्याने इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. डोळे मिटून नुसता ऐकत उभा, जसा काही गाणं ऐकतोय. म्हणाला, "साहेब, इंजिन चोख आहे. त्याचा जोर लागतो दोन फेऱ्यांत एकदा. मधलं सगळं ही दोन बाजूंची दोन चाकं ओढून नेतात, स्वतःच्या वजनावर. ही चाकं पंपाची. पाणी हिसक्याने आलं तरी पाणीच असतं, दिव्याला हिसका चालत नाही. दीडपट-दुप्पट जड चाकं शोधा. जोडीने. मधलं भोक याच मापाचं."

शोधा म्हणाला ना? मला! अहो, गायब झालेल्या फायली शोधल्यात मी, चाक काय चीज आहे! काखेत वही, खिशात दोन पेनं, निघालो. पहिला भंगारवाला. मी विचारलं, "तुमच्याकडे इंजिनांची जड चाकं आहेत अशी माझी पक्की माहिती आहे. कुठून आली? कधी आली? कागद आहेत?" तो पांढराफटक! "चाक? कसलं चाक साहेब? आमच्याकडे फक्त डबे असतात!" मागे एवढं मोठं चाक भिंतीला टेकलेलं मला दिसतंय, आणि हा माणूस त्याच्यावर ताडपत्री ओढतोय! दुसरा म्हणाला, मालक गावाला गेलेत. मालक तोच! तिसऱ्याने तर मला लांबून बघूनच शटर ओढलं. सहा दिवस! सहा दिवसांत वहीची चौदा पानं भरली, चाक एक नाही. पण चौदा पानं अशी भरली की सांगतो, मालिका झाली असती.

सातव्या दिवशी ही पिशवी घेऊन बाहेर पडली. पाऊण तासात परत. मागे हातगाडी, हातगाडीवर दोन चाकं, काळी, मेणचट, वजनाने हातगाडीचे टायर दबलेले. आणि तोच तो ताडपत्रीवाला, घाम पुसत, "वहिनी, कुठे ठेवू?"

मी म्हटलं, "तू त्याला विचारलंस काय?"

"विचारलं, दादा, इंजिनाची जड चाकं आहेत का? तो म्हणाला, आहेत. मी म्हटलं, द्या." 

झालं. याला काय मुलाखत म्हणायची?

मिस्त्रीने चाकं चढवली. ती चढवताना चार माणसं लागली, खोटं सांगत नाही. हँडल मारलं... पहिल्या फेरीला इंजिन असं कण्हलं, मला वाटलं, संपलं. आणि मग, अहाहा! जड माणूस जिना उतरताना घाई करत नाही ना, तसं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला! मी टेबलावर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवला, त्यात दिव्याचं प्रतिबिंब बघितलं. ठिपका! स्तब्ध! माझ्या डोळ्यांत पाणी, पेल्यात पाणी, दोन्ही हलेनात. बघा ना, आत्ताही बघा. हलतोय का? ही बसली, आठ पानं एका बैठकीत तपासली, माझ्या मजकुरात एकोणीस चुका काढल्या आणि म्हणाली, "आता कसं स्वच्छ दिसतंय!"

इथे थांबलो असतो तर गोष्ट किती छान होती. पण मिस्त्री स्वच्छतेचा भोक्ता. दुसऱ्या दिवशी इंजिन बंद असताना त्याने चाकांवरची मेणचट काजळी डिझेलने पुसली. आणि काजळीखालून, लोखंडावर वेल्डिंगने उठवलेली, बोटभर जाडीची अक्षरं बाहेर आली... 'वीज कार्यालयाची मालमत्ता.'

दोन्ही चाकांवर!

आता गंमत ऐका. ही अक्षरं उठवली का? तर, कार्यालयाचा माल चोरीला जातो, असं काही वर्षांपूर्वी कुणी छापलं? मी! त्यांची वीज बनवायची जुनी इंजिनं मागच्या आवारात गंजतायत, लिलाव का करत नाही, असं कुणी छापलं? मीच! छापलं म्हणून लिलाव झाला, लिलाव झाला म्हणून भंगारात आली, आणि भंगारातून... उंबऱ्याच्या आत! एवढा परिणाम झालेला बातमीदार दाखवा मला दुसरा! मी मिस्त्रीला म्हटलं, "घासून टाक." तो म्हणाला, "घासलं की तोल गेला. तोल गेला की दिवा नाचला. बोला."

नाही घासलं.

आणि रविवारी तो अधिकारी आला. दिवा बघायला! त्याच खुर्चीत बसला, तुम्ही बसलात तिथे. मी इंजिन बंदच केलं नाही. फिरत्या चाकावरची अक्षरं कोण वाचणार? दोन तास तो ओरडून बोलतोय, "जरा बंद करा हो!" मी ओरडतोय, "चहा घ्या अजून!" शेवटी उठला. फाटकाशी वळला आणि म्हणाला, "साहेब, नोकरीची पहिली नऊ वर्षं मी या चाकांशेजारी काढली. आवाज ओळखतो. नीट तेल घाला हं."

टोमणा मारला नाही हो त्याने! टोमणा मारला असता तर उत्तर होतं माझ्याकडे.

आत आलो. ही म्हणाली, "चौकट तुम्ही छापली होती, आता खुलासाही तुम्हीच छापा." छापला. पहिल्या पानावर, त्याच मापाची चौकट. 'या साप्ताहिकाची चाकं वीज कार्यालयाची आहेत. उजेड आमचा आहे.' हिने या स्थिर दिव्याखाली तो मजकूर तीनदा वाचला, पेन खाली ठेवलं. पंचवीस वर्षांत माझ्या ज्या मजकुरात हिला एकही चूक सापडली नाही, तो हा एवढाच.