भास्कर फुटला तेव्हा

नायक शेवटी घसरला म्हणून लेखकाला शिव्या घालणं मी मुलुंडच्या चाळीत राहत होतो तेव्हाच सोडलं. का, ते ऐका.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. एका मासिकात क्रमशः कादंबरी यायची. तिचा नायक भास्कर, बेचाळीसच्या चळवळीतला भूमिगत. वाचनालयातून अंक एकच मिळायचा, म्हणून मी गॅलरीत बसून मोठ्याने वाचायचो आणि सगळा मजला ऐकायचा. शेवटच्या प्रकरणात भास्कर पकडला जातो, तीन दिवस मार खातो आणि साथीदारांची नावं सांगून टाकतो.

मजला खवळला. "आपला भास्कर फुटेल होय रे? काहीतरीच!"

मी तर रागाच्या भरात संपादकाला पत्रच खरडलं, की खरा क्रांतिकारक असा फुटत नाही. त्यावर पहिली सही नानांची हवी होती. नाना म्हणजे आमच्या चाळीतले बेचाळीस साली तुरुंगात गेलेले एकमेव गृहस्थ. दर पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांच्याच हातून फडकायचा.

नानांनी पत्र दोनदा वाचलं.

"सांगा ना नाना, तीन दिवसांच्या मारात भास्कर फुटतो, हे पटतं तुम्हाला?"

"नाही पटत."

मी खूश होऊन पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"तीन दिवस लागत नाहीत रे," नाना म्हणाले. "मला तर त्यांनी हातही लावला नव्हता."