अठ्ठावन्न किलो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले वरिष्ठ आरोग्य अधिकारी साहेब. व्यासपीठावर बसलेले आपल्या केंद्राचे डॉक्टर. दर दुसऱ्या बुधवारी मोठ्या रुग्णालयातून आपल्याकडे येणाऱ्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई. जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत आणि जी आत्तासुद्धा खुर्चीवर नीट न टेकता 'तो पंखा कुणी बंद केला' हे शोधते आहे, ती आज निवृत्त होणारी आपली सिस्टर. आणि समोरच्या बंधू-भगिनींनो, त्यातही चहा कुठवर आला हे वळून वळून बघणाऱ्या मागच्या रांगेतल्या बंधूंनो,

मी या केंद्राचा भांडारपाल. नोकरीची एकतीस वर्षं झाली. सहीशिवाय मी कापसाचा बोळासुद्धा कुणाला दिलेला नाही. म्हणून माझ्या पाठीमागे मला सगळे 'पावती' म्हणतात. मला हे माहीत नाही असा आपला समज असेल तर तो आज दूर करून घ्यावा.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. सिस्टरबद्दल दोनच शब्द बोलायचे तर ते 'राहू द्या' हे आहेत. गेली अनेक वर्षं मी यांच्याकडून दुसरं काही ऐकलेलंच नाही. 'सिस्टर, हा काटा बिघडलाय, दुरुस्तीला पाठवतो.' 'राहू द्या.' 'सिस्टर, निदान बाजूला तरी काढतो.' 'राहू द्या हो, भाऊ.'

तर आज मी या काट्याविषयीच बोलणार आहे. अध्यक्ष महाराजांनी मधली पाच मिनिटं कानांवर हात ठेवले तर माझी सोय होईल.

पूर्वी आपल्याकडे कुणाचं मन बिघडलं, तर डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे. ती घेऊन मोठ्या रुग्णालयात जायचं. दोन बस, तिसरा मजला, अख्खा दिवस. दहा चिठ्ठ्यांतल्या दोन तिथे पोचत. बाकीच्या खिशात राहून कपड्यांबरोबर धुऊन निघत. सिस्टर म्हणाल्या, माणसं तिकडे जात नसतील तर डॉक्टरांनी इकडे यावं. तीन वर्षं त्यांनी त्यासाठी पत्रं लिहिली. माझ्या जावक नोंदवहीत ती सगळी आहेत, सतरा. शेवटी या डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांना खोली नंबर सात मिळाली.

त्या खोलीवर पाटी मी करून घेतली होती. निळी पाटी, पांढरी अक्षरं, एकेक अक्षर वीतभर उंच. 'मानसोपचार विभाग.' रस्त्यापलीकडच्या केशकर्तनालयातून वाचता यायची. परिणाम असा झाला की सलग तीन खेपा डॉक्टरीणबाई वर्तमानपत्र वाचून परत गेल्या. एक गृहस्थ तेवढे आत आले होते. त्यांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी सिस्टरनी स्टुलावर चढून पाटी उतरवली आणि माझ्या टेबलावर ठेवली. 'घ्या जमा करून.' मी पावती दिली. मग त्यांनी पडवीत पडलेला तो जुना उभा वजनकाटा ओढत नेला आणि सातमध्ये दाराशी ठेवला.

मी म्हटलं, 'सिस्टर, तो बिघडलेला आहे. हत्ती उभा केला तरी अठ्ठावन्न दाखवतो.'

'चालेल.'

'लहान मुलांचं, गरोदर बायकांचं वजन यावर घेणार?'

'ते घेते मी लसीकरणाच्या खोलीत, चांगल्या काट्यावर. हा सातमध्येच राहू द्या.'

त्या बुधवारपासून केंद्रात जो येईल त्याला एकच हुकूम. खोकला असो, गुडघा असो, नाहीतर बोटाला पट्टी बांधायची असो. 'जरा सातमध्ये वजन करून या.' बहुतेक जण अर्ध्या मिनिटात बाहेर. काही जण अर्ध्या तासाने. कोण कशासाठी गेलं होतं, हे कुणाला कळायला मार्ग नाही. 'एवढा वेळ?' असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असायचं, 'काटा हलत नव्हता.' जे बोलायचे, त्यांचं पुढचं औषध आपले डॉक्टर इथेच द्यायचे, रक्तदाबाच्या गोळ्यांच्याच रांगेत. अडलं तर डॉक्टरीणबाईंना फोन. तिसऱ्या मजल्यावर जायची वेळ क्वचित कुणावर आली.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझ्या नोंदवहीतली एक वस्तू नादुरुस्त आहे. पहिल्या सहा वर्षांत मी दुरुस्तीसाठी नऊ पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. वरिष्ठांबद्दल मी त्या काळात जे काही बोललो, ते साहेब, आज मागे घेतो. कारण आज सकाळी सिस्टरचा खण रिकामा करताना नऊच्या नऊ पत्रं सापडली. टाचणी लावलेली, तारखेप्रमाणे. माझ्यापेक्षा नीट ठेवली होती.

आपल्या अध्यक्षांची तपासणी मला अजून आठवते. खोली सातची वजन नोंदवही त्यांनी उघडली. शाळेतले पहिलीतले चिरंजीव अठ्ठावन्न. त्यांना उचलून आणणारे व्यायामशिक्षक अठ्ठावन्न. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, 'सगळं गाव एकाच वजनाचं?' सिस्टर म्हणाल्या, 'साहेब, तुम्हीच एकदा उभं राहून बघा ना.' साहेब आत गेले. त्यांचंही अठ्ठावन्नच भरलं. ते आत किती वेळ होते, हे मी मोजलेलं नाही. भिंतीवरचं घड्याळ माझ्याच ताब्यात असलं तरी.

हसा, हसा. आता माझी पाळी आहे.

चार वर्षांपूर्वी मला कुलपानं धरलं. भांडार बंद करायचं, कुलूप ओढून बघायचं, निघायचं. फाटकापर्यंत गेलो की वाटायचं, ओढलं का? परत. मग बस थांब्यावरून परत. मग माझी बायको संध्याकाळी मला घ्यायला यायला लागली. मी ओढायचो, ती मोजायची. त्रेचाळीसपर्यंत गेलो होतो. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि ती आकडे विसरत नाही. लोकांना गंमत वाटायची. मलाही मी गंमत म्हणूनच सांगायचो. पण माझ्या मुलीला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ती मंचावरून मला शोधत होती आणि मी इथे कुलूप ओढत उभा होतो. त्या दिवशी मी कुलूप हातात धरून रडलो. बायको शाळेत गेली होती, म्हणून मोजायलाही कुणी नव्हतं.

सिस्टरनी पाहिलं. पुढच्या बुधवारी मी औषधं आणायला निघालो, तर म्हणाल्या, 'भाऊ, जरा वजन करून घ्या.'

मी म्हटलं, 'तो काटा नादुरुस्त आहे. मीच कळवलंय. नऊ वेळा.'

'असू द्या. उभे तर राहा.'

मी आत गेलो, उभा राहिलो. अठ्ठावन्न. टेबलामागे एक बाई बसल्या होत्या, समोर कागद. बुधवारी मी औषधं आणायला जात असे, त्यामुळे यांना कधी पाहिलेलं नव्हतं, आणि पाटी जमा झाली तेव्हाच तो विभाग बंद झाला असं मी धरलं होतं. मला वाटलं, तपासणी पथक! आणि तपासणीसमोर मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही.

'कुलूप दिवसातून किती वेळा ओढून बघता?'

'सरासरी एकतीस. कमाल त्रेचाळीस.'

'आणि नाही बघितलं तर काय होईल असं वाटतं?'

हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, 'कुणीतरी आत शिरेल, औषधांची अदलाबदल होईल, आणि एखादं लेकरू जाईल. माझ्यामुळे.' बोललो आणि काट्यावरून खाली उतरलो. त्यांनी खुर्ची पुढे केली.

पाऊण तासाने मी विचारलं, 'बाई, हे माझ्या सेवापुस्तकात जाणार का?' त्या म्हणाल्या, 'नाही.' 'मग निदान पावती?' त्यांनी पुढच्या भेटीचा कागद दिला. दाराबाहेर येऊन खालचा मानसोपचाराचा शिक्का वाचला, तेव्हा मला कळलं की मी वजन करून आलो.

पुढचे आठ महिने माझ्याच भांडारातून, माझ्याच सहीने, मलाच औषध दिलं गेलं. आपले डॉक्टर दर महिन्याला विचारायचे, 'कुलूप कितीवर?' आणि आकडा फोनवर पुढे कळवायचे. आज मी दोनदा ओढतो. वाईट दिवशी तीनदा. बायको मान डोलावते आहे, म्हणजे आकडा बरोबर आहे.

आता मूळ मुद्दा. गेल्या आठवड्यात नवा, आकडे दाखवणारा वजनकाटा आला. नियम असा की नवा आला की जुना भंगारात काढायचा. सिस्टर जाणार, काटा जाणार. मग त्या खोलीला नावाचीच पाटी लागणार, आणि डॉक्टरीणबाई पुन्हा वर्तमानपत्र वाचत बसणार. माझ्यासारखा कुणी घाबरट त्या पाटीखालून आत जाईल का? मी तरी गेलो नसतो. खरं सांगतो, मी मेलो असतो पण गेलो नसतो.

म्हणून मी नवा काटा लसीकरणाच्या खोलीत दिला आहे. आणि काल, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, मी नोंदवहीत खोटं लिहिलं. वस्तू: उभा वजनकाटा. ठिकाण: खोली सात. शेरा: चालू स्थितीत. लिहिलं, वही मिटली आणि घरी गेलो. पुन्हा उघडून बघितली नाही.

बुधवारी नोंदणीच्या खिडकीशी यापुढे मी उभा राहणार आहे. 'जरा वजन करून घ्या' असं आरशासमोर म्हणून पाहिलं. बायको म्हणते नोटीस वाचल्यासारखं वाटतं. सुधारेन.

फक्त त्या शेऱ्याखाली वरिष्ठांची सही लागते. वही मी बरोबर आणली आहे, साहेब. ही इथे ठेवतो. आपण कानांवरचे हात काढलेत तरी... साहेब पेन शोधत आहेत. हे घ्या, माझं घ्या. टाळ्या नंतर, आधी सही होऊ द्या. झाली.

राहू द्या साहेब, पेन तुमच्याकडेच राहू द्या. पावती नको.

अध्यक्षांचे, डॉक्टरांचे, डॉक्टरीणबाईंचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि एवढा वेळ चहा रोखून धरणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमी-जास्त बोललो असेन, तर ते कुठेही नोंदवून न ठेवता मोठ्या मनानं सोडून द्यावं.

आणि सिस्टर, परवा तुम्ही मला विचारलंत की सोमवारपासून सकाळी उठून करायचं काय. हसत विचारलंत, पण मी एकतीस वर्षं तुम्हाला बघतोय. बुधवारी या. सातमध्ये जरा वजन करून घ्या. रांगेत मी उभा असेनच.