नऊ बटाटे

डुबुक. डुबुक. डुबुक — हा आवाज मी लहानपणी रोज ऐकलाय. आई बटाटे सोलून एकेक पातेल्यातल्या पाण्यात टाकायची. माणशी तीन, मोजून. — नाही हो सेमहारबाई, धडा सोडून नाही चाललो. उद्या तुमची डचची परीक्षा, तिथे झालेल्या गोष्टी सांगायच्यात ना? मग झालेलीच सांगतोय. सोलणं — 'स्खिलन'. सोललेलं? पुढे 'खे' लावा — 'खेस्खिल्त'. शाब्बास. का म्हणून विचारू नका, मी चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला, शाळा सहावीपर्यंत. माझं आपलं साधं — झालेलं सांगताना हातानं काही केलं की जोडीला 'हेब', पायानं निघून गेलं की 'बेन'. आणि कामाचा शब्द सगळ्यात शेवटी, तोवर तोंडात धरून ठेवायचा. हसताय? हसा. आम्ही माणसंच तशी.

तर वुब्बो, माझा मित्र. कॅनडाला कायमचा जायच्या आदल्या दिवशी भेटायला आला — साडेपाचला! जेवणाच्या वेळी कुणाच्या दारात जातात का? बाबा म्हणाले, "आम्ही जेवायला बसतोय हं." त्यानं टोपी घातली नि गेला. गेला — इथे 'बेन'वाला, बरोबर. माझ्या ताटात तीन होते हो. एक दिला असता तर? पुन्हा काही तो दिसला नाही.

आणि तुम्हाला तरी मी काय केलं? पाच महिने, दर गुरुवारी, एक कॉफी, एक बिस्कीट, डब्याचं झाकण बंद. साडेपाचला "बरं मग" म्हणून उठवलं. तुमच्या आई बाहेर बाकावर थंडीत बसतात, त्यांना एकदा आत या म्हणालो नाही. उद्या पास झालात की इकडे कशाला याल? म्हणून मी आज — थांबा, वाक्य धड करू द्या — मी आज, माझ्यासाठी, तुमच्यासाठी, आणि तुमच्या आईंसाठी, नऊ बटाटे — सोललेत.

चुकलं का काही? तुमचा उपास चाललाय, त्यात दूधदुभतं चालत नाही, माहितेय, लोणी घातलेलं नाही… अहो, उठलात? साडेपाच वाजले म्हणून? आज नाही उठायचं — बाहेर वारा आहे, निदान कोट — सेमहारबाई, कोट इथेच राहिला… बाकाकडे कुठे — अहो, आईंना उठवून इकडेच आणताय?