चिखलातला कौल

भाट्याच्या खाडीला ओहोटी होती आणि होडी पैलतीरी रुतली होती. सुपारीचे व्यापारी गफूरशेठ वाट पाहता पाहता शेजारच्यांचं बोलणं मालासारखं पारखत बसले होते. शेजारी महिपत गुरव होते आणि मास्तरणींच्या कॉलेजातून त्यांनी घरी न्यायला काढलेली लेक काशी.

"माणूस माकडापासून झाला म्हणे!"

"त्याच्याही आधी मासे होते, बाबा. त्यातले काही पाण्याबाहेर आले."

"मग देवानं काय केलान? झोपा काढल्यान?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"उद्या देवाच्या अंगावर कळ्या लावून कौल घेतो. उजवी पडली तर परत कॉलेजात ये. डावी पडली तर पुस्तकं बंद."

"बरं. पण ते बघा, चिखलात."

"निवटा मासा तो. खाडीभर आहेत."

"चालताना बघितलायत कधी?"

"अगो... हातांवर चढतोय की गो हा! थेट आपल्याकडेच!"

"पर आहेत ते, बाबा."

"परांचे हात करतोय. आमच्यादेखत."

"सुभानअल्ला," गफूरशेठांच्या तोंडून निघून गेलं.

महिपतांनी पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

"केवढा धीर धरलान असेल गो देवानं! कौल उद्यावर कशाला? कुठं वळला तो?"

काशीनं बोचकं उचललं. "डावीकडे, बाबा."

"तुझ्या डावीकडे. त्याचं तोंड आपल्याकडे होतं. गुरवाची लेक ना तू? उजवं-डावं कौल देणाऱ्याचं धरायचं."

"भरती लागली, बाबा. होडी सुटली तिकडून."

"येऊ दे. मी जाईन एकटा. तू फीर माघारी."