अक्षरं येईपर्यंत

काकू, दत्ताच्या मित्रांनो, आणि वडवणीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

दत्ताच्या शोकसभेला तुम्ही इतके जण आलात. दत्ताची शाळेतली बाई आणि शेजारीण म्हणून मला बोलायला सांगितलंत. उभी राहिले खरी, पण काकूंकडे, त्याच्या आईकडे, बघायची हिंमत होत नाही.

दत्ताची ती जुनी मशीनं तुम्ही पाहिलीत. औरंगाबादच्या एका छापखान्याने काढून टाकलेले पॉवरपीसी मॅक नावाचे संगणक. गोधडीत गुंडाळून एसटीने आणलेले. त्यांवर तो लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली चालवू बघायचा. मशीन सुरू झालं की लिनक्सला उठवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर. तो लिहिणारी माणसं दूर देशात. त्यांचा नवा बूटलोडर जुन्या मशीनवर चालतो का, हे दत्ता इथे तपासायचा आणि बीडला जाऊन ईमेलने कळवायचा. बहुतेक वेळा चालायचा नाही.

"गाढवाला चष्मा लावतो का बे?" सलीम, तूच म्हणायचास ना? दत्ता हसायचा. "न्हाई चाललं, हे सांगायलाबी कोनतरी लागतं की!"

अडलं की कीबोर्डवरच्या चार कळा एकदम दाबून धरायच्या आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. कळा धरणं माझं काम. सुरू होताना मशीन टण्ण असा गोड आवाज करायचं. मी कॉन्व्हेंटात वाढलेली. घंटा झाली की सगळं जागच्या जागी, हे अंगात मुरलेलं. आवाज आला की मी ओरडायचे, "झालं रे चालू!"

"बाई, घाई करू नका. टण्ण तर ते नेहमीच करतंय. पडद्यावर अक्षरं येऊस्तोर चालू झालं म्हनायचं न्हाई."

किती वेळा सांगितलं त्याने. किती वेळा!

मग तो नोकरीसाठी बीडला खोली घेऊन राहिला. गेल्या महिन्यात कावीळ झाल्याचं कळलं. काकू भाकरी बांधून निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा, आधी फोन करते. घरमालकांनी त्याला फोनवर बोलावलं.

"बोला बाई! लई झकास हाय मी."

तोच खणखणीत आवाज. मी खूश. जेवण जातंय का, विचारलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं नाही. फोन ठेवला आणि म्हटलं, "काकू, पिशवी ठेवा. दत्ता ठणठणीत आहे." सलीम, तुलाही तेच सांगितलं.

त्याला बघायला कुणी गेलंच नाही. गेलो ते थेट आणायला.

काकू, तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. परवा उलट चहा दिलात. तो मी तसाच ठेवून आले. मला शरम वाटते, काकू. माफी मागायचीही शरम वाटते.

आता दत्तासाठी आपण सगळे शांत उभे राहू. शांतता संपली, असं कुणी सांगू नका. काकू मान वर करतील, तेव्हाच बसू. तोवर थांबायचं. घाई करायची नाही.